कोनी निवडं तुमले?

(वाचकांचे प्रश्न, आक्कांची उत्तरं)

हे सदर तसं रुक्ष. ऑडिट, धर्मादाय कार्यालयातला बदल अर्ज, हरवलेलं व्हाउचर, असली पत्रं इथं येतात. मी शिरपूरकडच्या एका लहान संस्थेत १९८३ ते २०२१ हिशेब लिहिले, त्यामुळे मला तेवढंच कळतं असं संपादकांना वाटतं आणि ते बरोबरच आहे. पण मागच्या अंकात मी एक वाक्य लिहून गेले, की राज्य बदललं की सगळ्यात आधी संस्थांच्या पाट्या नव्यानं रंगतात. त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली पाच घेते.

आक्का, मी जळगावच्या विद्यापीठात पीएच.डी. करतो. विषय आहे, राजकीय संक्रमणातून जाणाऱ्या समाजांत स्वयंसेवी संस्थांना अधिमान्यता कशी मिळते. वाचन भरपूर झालंय. पण गाइड म्हणाले, अधिमान्यता म्हणजे काय ते तुझ्या आईला समजेल असं सांग, आणि मी गप्प झालो. — एक वाचक, चोपडा

आईला ‘पत’ म्हणून सांग. किराणावाला एकाचं नाव उधारीच्या वहीत लिहितो आणि दुसऱ्याला म्हणतो, आज रोख. आधार कार्ड दोघांकडे सारखंच असतं. संस्थेची नोंदणी हे आधार कार्ड. त्याच्यावर उधारी मिळत नाही.

आता संक्रमण. राज्य पालटतं तेव्हा होतं असं, की त्या उधारीला जामीन असलेला माणूसच गायब होतो. जुन्या सरकारच्या पंखाखाली वाढलेल्या संस्थांचा आश्रयदाता जातो, हे सगळ्यांना दिसतं. पण जे त्या सरकारशी लढत होते त्यांचा शत्रू जातो, आणि हे नुकसान फार उशिरा कळतं. मार खाल्लेल्या माणसाला लोक हिशेब विचारत नाहीत. मार थांबला की विचारतात.

दक्षिण आफ्रिकेत १९९४ ला निवडणूक झाली, मंडेला अध्यक्ष झाले. त्याआधी वर्णभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थांना परदेशातून थेट पैसा येत होता, कारण सरकारला द्यायचा कुणाला नव्हता. निवडणुकीनंतर देणगीदारांनी तो नव्या सरकारकडे वळवला, संस्थांमधली हुशार माणसं मंत्रालयांत गेली आणि कितीतरी संस्थांना टाळं लागलं. आपल्याकडे १९४७ नंतर खादीच्या टोपीचं काय झालं ते तुझ्या आजोबांना विचार. आधी ती घातली की तुरुंग, नंतर ती घातली की परवाना.

ज्या टिकल्या त्यांनी पत नव्यानं कमावली. तिथलीच एड्सच्या औषधांसाठी लढणारी ‘ट्रीटमेंट अ‍ॅक्शन कॅम्पेन’ १९९८ च्या डिसेंबरात सुरू झाली. तिच्या कार्यकर्त्यांतले पुष्कळ जण मतं सत्ताधारी पक्षालाच देणारे. तरी त्यांनी आपल्याच सरकारला कोर्टात खेचलं, आणि गरोदर बाईकडून बाळाला होणारी लागण रोखणारं औषध सरकारी दवाखान्यांतून द्यावंच लागेल असा निकाल २००२ मध्ये घटना न्यायालयाकडून मिळवला. छातीवर ठळक अक्षरांत ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ छापलेले टी-शर्ट घालून ही माणसं मोर्च्यात चालायची. ज्या गावात ते नाव काढलं तरी लोक लांब सरकतात तिथं तो शर्ट घालणं म्हणजे काय, याचा विचार कर. कुठल्या धर्मादाय कार्यालयाचा शिक्का त्याच्यापुढे चालेल?

पोलंडचंही वाचलं असशील. १९७६ ला तिथं महागाईवरून कामगार रस्त्यावर आले, त्यांना झोडपलं, कामावरून काढलं. तेव्हा चौदा जणांनी एक समिती केली, त्या कामगारांच्या घरी पैसे आणि वकील पोचवायला. कम्युनिस्ट राजवटीत नोंदणी शक्यच नव्हती. त्यांनी केलं काय, तर पहिल्याच पत्रकावर सह्यांबरोबर स्वतःचे पत्ते आणि फोन नंबर छापले. पोलिसांना शोधायची गरज राहिली नाही, पण ज्याला मदत हवी त्यालाही राहिली नाही. हिशेबनीस म्हणून मला ही युक्ती फार आवडते. पत्ता छापलेल्या माणसाकडे जाब मागायला जाता येतं.

आणि १९८९ ला राजवट गेल्यावर? तिथं १९९३ पासून दर जानेवारीत एका रविवारी हजारो पोरं डबे घेऊन रस्त्यावर उभी राहतात, नाणं टाकलं की लाल बदामाचं स्टिकर चिकटवतात. त्या पैशातून दवाखान्यांना यंत्रं घेऊन देतात, आणि त्या यंत्रांवरही तोच बदाम असतो. आपलं नाणं कुठं गेलं ते आपल्याच गावच्या दवाखान्यात, बाळांच्या काचेच्या पेटीवर दिसतं. तुझ्या प्रबंधात सिद्धांताची प्रकरणं असतील तेवढी असू दे, हा बदाम मात्र कुठंतरी घाल.

आमचे बचत गट अकरा आहेत. यंदा ग्रामपंचायतीत सत्तापालट झाला. नवे सरपंच म्हणतात, गटांनी आमच्या स्टेजवर बसावं. जुनं पॅनल म्हणतं, गेलात तर बघून घेऊ. त्यातच टाकीच्या पाण्यावरून दोघांची जुंपलीय आणि दोन्हीकडून निरोप आहे की बायांनी मध्ये पडून मिटवावं. काय करू? — तळोद्याजवळची एक ताई

ताई, मध्ये पडा, स्टेजवर चढू नका.

ट्युनिशिया नावाचा देश आहे, आफ्रिकेच्या वरच्या टोकाला. २०११ ला तिथला हुकूमशहा पळाला. २०१३ मध्ये विरोधी पक्षाच्या दोन नेत्यांचे खून झाले आणि नवं-जुनं एकमेकांच्या उरावर बसलं. तेव्हा चार जुन्या संघटना मध्ये पडल्या: कामगारांची, उद्योजकांची, वकिलांची आणि मानवी हक्कवाल्यांची. त्यांनी दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवलं. २०१४ च्या जानेवारीत नवी घटना झाली आणि पुढच्या वर्षी चौघांना मिळून शांततेचं नोबेल मिळालं. यांचंच का ऐकलं? कामगार संघटना १९४६ पासूनची, देशभर सभासद. तिनं संप पुकारला की देश बंद. म्हणजे ती नुसती समजूत घालत नव्हती, तिच्या मागं वर्गणी भरणारी माणसं होती. (पुढं २०२१ पासून तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी सगळी सूत्रं हातात घेतली आणि ती घटनाही बदलली. तेव्हा नोबेल मिळालं म्हणून सगळं भागलं, असं नाही.)

तुमच्या अकरा गटांच्या मागं बाया आहेत. म्हणून आधी गटांत ठराव करा, प्रत्येक गटाच्या वहीत, सह्या-अंगठ्यांसह, की टाकीबाबत कोण बोलणार आणि काय बोलणार. मग दोन्ही पॅनलना तुमच्या जागेवर बोलवा. शाळेचा ओटा चालेल, सरपंचांची ओसरी नको. चहा गटाच्या पैशानं करा आणि त्याचा खर्च लिहा. हसू नका, चहा कुणाचा होता हे गाव दहा वर्षं लक्षात ठेवतं.

परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्था आपल्या लोकांच्या कशा असतील? ज्याचा पैसा त्याचा हुकूम. — एक निवृत्त शिक्षक, धुळे

गुरुजी, तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, पण तुम्हाला वाटतं ते अर्धं नाही.

बांगलादेशचं बघा. १९७१ चं युद्ध संपलं, देश नवा, सरकार नवं, हाती काही नाही. फझले हसन आबेद यांनी लंडनमधलं आपलं घर विकून १९७२ ला सिल्हेट भागातल्या शाल्ला इथं परतलेल्या निर्वासितांसाठी काम काढलं. ती ब्रॅक. पुढचा पैसा बाहेरूनच आला, ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेचा आणि इतरांचा. आता तिथल्या एखाद्या म्हातारीला विचारा, ब्रॅक म्हणजे काय? ती देणगीदाराचं नाव सांगणार नाही. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी, हे सांगेल. हगवणीनं पोरं मरत होती, त्यावरचं हे पाणी. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅकच्या बाया घरोघर जाऊन, चुलीपुढं बसून आईला ते करायला शिकवत होत्या. एक कोटीहून जास्त घरं झाली.

आणि इथं माझ्यातली हिशेबनीस जागी होते. शिकवणाऱ्या बाईचा पगार तिनं किती घरं केली यावर नव्हता. महिन्याभरानं दुसरीच माणसं त्यातल्या काही घरांत जायची, आईला विचारायची, करून दाखव म्हणायची. आईला जेवढं आठवलं त्यावर शिकवणारीचा पगार. म्हणजे पैसा लंडनचा असेल नाहीतर जिनिव्हाचा, कामाच्या बिलावर सही कुणाची? चुलीपुढच्या बाईची. आमच्या संस्थेत ही पद्धत लावली असती तर आमच्यापैकी निम्म्यांचा पगार अडकला असता. माझा धरून.

हुकमाचं म्हणाल तर सरकारांनाही तीच भीती असते, आणि राज्य डळमळीत असलं की जास्त. आपला परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, पहिल्यांदा आला तो १९७६ ला, आणीबाणीत. २०१० ला नवा झाला, २०२० ला आणखी आवळला: परदेशी देणगीतून कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर, मिळालेली देणगी दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, आणि पैसे उतरवायचं खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच. रशियानं २०१२ ला असल्या संस्थांना ‘परदेशी एजंट’ म्हणवून घ्यायला लावणारा कायदा केला. स्टालिनच्या काळात मारलेल्यांची नावं गोळा करणारी ‘मेमोरियल’ २०२१ च्या अखेरीस कोर्टाच्या हुकमानं बंद झाली, आणि दुसऱ्या वर्षी तिला नोबेल मिळालं. इजिप्तमध्ये क्रांती होऊन वर्ष व्हायच्या आत संस्थांच्या कचेऱ्यांवर छापे पडले, २०१३ ला त्रेचाळीस जणांना शिक्षा झाल्या, आणि २०१८ ला फेरसुनावणीत माणसं सुटली.

हिशेब मागणाऱ्या कायद्याला माझा विरोध नाही. मागितलाच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे. अडतीस वर्षांत देणगीदारानं तिमाही हिशेब मागितला, सरकारनं वार्षिक मागितला, दोन्ही इंग्रजीत. ज्यांच्या नावावर पैसा आला त्यांना दाखवा असं दोघांपैकी एकानंही कधी म्हटलं नाही. एजंट म्हणायचंच तर कुणाचा, हे तिथं ठरतं.

तुम्ही संस्थावाले गावोगाव फिरता, लोकांच्या वतीनं बोलता, कलेक्टरला निवेदनं देता. एक साधा प्रश्न. कोनी निवडं तुमले? — अमळनेरचा एक स्पष्टवक्ता

कोणीच नाही, भाऊ.

हे उत्तर मी पहिल्यांदा तोंडातून काढलं तेव्हा मला फार हलकं वाटलं होतं. आमदार पाच वर्षांनी मत मागायला येतो, तेव्हा त्याला उंबऱ्यावर उभं करता येतं. आम्हाला तसं करता येत नाही. मग आम्ही काय दाखवायचं?

तुमच्या प्रश्नाला आपल्याच भागात एक जुनं उत्तर आहे. १९७२ ला शहाद्याकडे श्रमिक संघटना उभी राहिली, दुष्काळाच्या दिवसांत. अंबरसिंग महाराजांनी आधीपासून भिल्लांना जागं करायचं काम केलं होतं. गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, रोजगाराची कामं, हे प्रश्न. तिलाही मतपेटीतून कुणी निवडलं नव्हतं. पण सालदारानं साल सोडून तिच्या मोर्च्याला जाणं म्हणजे वर्षभराची भाकर पणाला लावणं होतं. बायांनी तर दारूची मडकी फोडली, कधीकधी आपल्याच घरच्यांची. मत द्यायला बोटभर शाई लागते. याला त्याहून जास्त लागलं.

आमचं काम त्यामानानं फार लहान. पण एक प्रसंग सांगते, कारण तुमचा प्रश्न मला आधी एका म्हातारीनं विचारला होता, वेगळ्या शब्दांत.

१९८६. पळासनेरच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर आम्ही धान्यकोष चालवत होतो. पावसाळ्यात पोटाला नसतं तेव्हा एक पायली न्यायची, सुगीला सव्वा परत करायची. सावकार दुप्पट घ्यायचा. वर्षाअखेर मी वही घेऊन गेले, कारभाऱ्याच्या अंगणात बाज टाकली, सगळा पाडा जमला. मी वाचलं: परत आल्या एकतीस पायल्या, बाकी तीन. एक म्हातारी उठली, आत गेली आणि सुकलेल्या भोपळ्याचा तुंबा घेऊन आली. तो तिनं माझ्या वहीवर पालथा केला. मक्याचे दाणे. तिनं पायलीमागं एक दाणा टाकलेला. मोजले, चौतीस.

मी म्हटलं, वहीत एकतीस आहे. म्हणजे वही बरोबर. बी.कॉम. होते ना मी.

ती काही बोलली नाही. दाणे तसेच ठेवून बसून राहिली. सगळे बसून राहिले. मग मी मागची पानं चाळायला लागले आणि घाम फुटला. तीन पायल्या मी शेजारच्या पाड्याच्या खात्यावर चढवल्या होत्या. दोन्ही पाड्यांची नावं एका अक्षराच्या फरकाची. आमचे कार्यवाह शेजारी होते. ते हळूच मराठीत म्हणाले, आत्ता राहू द्या, ऑफिसात दुरुस्त करू, उगाच विश्वास जाईल. पाड्यावर पावरी बोलतात, त्यांना वाटलं कुणाला कळणार नाही. कारभाऱ्याला मराठी चांगलं येत होतं. तो माझ्याकडे बघत होता.

मी लाल शाईनं एकतीस खोडले, चौतीस लिहिले आणि म्हातारीचा अंगठा त्या आकड्याशेजारी घेतला. अंगठा जरा वाकडा आला, शाई पसरली. पुढच्या वर्षी शेजारच्या पाड्यावरून निरोप आला, आम्हालाही कोष पाहिजे, पण ‘अंगठ्याची वही’ घेऊन या. आमचं नोंदणीपत्र तोवर तीन वर्षं भिंतीवर टांगलेलं होतं, कुणी विचारलं नव्हतं.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल आक्का स्वतःचीच आरती ओवाळते. नव्वदीच्या शेवटी आम्हाला मोठा प्रकल्प मिळाला. फरशीचं ऑफिस झालं, दुसरी जीप आली. खालच्या तापीकाठच्या गावांत पोरं आधी म्हणायची, “आपला लोके उनात,” म्हणजे आपली माणसं आली. आता म्हणायला लागली, “हाफिसवाला उनात.” कुणी रागानं म्हणत नव्हतं. फक्त नाव बदललं. त्याच काळात मी एका अहवालात ‘प्रशिक्षित महिला ४१२’ असा आकडा लिहिला. बाया होत्या दीडशेच्या आत. त्याच बाया तीन शिबिरांना आलेल्या, तीनदा मोजल्या. फॉर्ममध्ये तसं चालत होतं. ऑडिटरनं टिकमार्क केली, देणगीदार खूश झाला. तुंबा घेऊन कुणी आलं नाही, कारण तो अहवाल आम्ही कुठल्या अंगणात वाचलाच नव्हता.

आणि २००३ ला त्याच वरच्या पाड्यानं आम्हाला सांगितलं, तुमचं कुलूप घेऊन जा, कोष आम्ही चालवतो. तोवर म्हातारी गेली होती, तिचा नातू बोलत होता. कुलूप पितळी, अलिगढचं. मी ते पिशवीत टाकलं आणि शिरपूरपर्यंत जीपमध्ये कुणाशी बोलले नाही. वाईट वाटलं, चांगलं वर्षभर. पण निवडून न आलेल्यांना काढून कसं टाकतात ते मी तिथं पाहिलं, भाऊ, आणि काढून टाकता येत होतं.

आम्ही चार-पाच मित्र साक्री तालुक्यात वाचनालय आणि रोपवाटिकेसाठी संस्था काढतोय. नोंदणी कुठं, आणि सुरुवातीला काय काय लागेल? — साक्री

निदान सात जण लागतील, म्हणजे आणखी दोन-तीन शोधा, आणि सातही एकाच भाऊबंदकीतले नकोत. धुळ्याच्या धर्मादाय कार्यालयात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली, दोन्ही नोंदण्या करा. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालीही करता येते, पण रोपवाटिकेसाठी तो पसारा कशाला? उद्देशांच्या यादीत जगाचा उद्धार लिहू नका, वाचनालय आणि रोपं एवढंच लिहा. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, हे विसरणाऱ्या संस्थांची भांडणं मी वीस-वीस वर्षं चाललेली पाहिली आहेत.

पावतीपुस्तकं छापाल तेव्हा स्थळप्रतीचा कागद जरा जाड घ्या. पातळ असला की पावसाळ्यात पानं चिकटतात आणि आकडा वाचता येत नाही.